सख्खे की मानलेले

नीउ-व्हेनेप
शनिवार, १४ जून २०२५

स्वप्निल भाऊजी,

सप्रेम जयभीम.

पत्र पाहून नवल वाटेल. रायस्वाइक काही लांब नाही, एरवी मी फोनच केला असता. पण तीन आठवडे तुम्ही फोन उचलत नाही आणि मेसेजही वाचलेले दिसत नाहीत. पोस्टमन तरी दाराच्या फटीतून पत्र आत टाकेल, म्हणून लिहायला बसले.

मी बरी आहे. गुडघा अधूनमधून धरतो. हाउसआर्ट्स डॉक्टरने नेहमीचंच सांगितलं, पॅरासिटामॉल घ्या आणि चाला. म्हणून चालते. वाचनालयापर्यंत जाते, एक पुस्तक देते, एक आणते. दहावीनंतर माझी शाळा सुटली, पण इथे आल्यावर विवेकने हाताला धरून वाचायला लावलं, ते सुटलं नाही. डच अजून शब्दकोश शेजारी ठेवूनच वाचते. मागच्या शेडचं दार घासत होतं, तुम्ही येऊन बसवून देणार होतात. मीच खालून रंधा मारला. आता लागतं नीट.

फुटबॉल क्लबचा हंगाम संपला. मैदानात नवं गवत पेरलंय, दोरी बांधली आहे. तेजल तिथे खेळायची तेव्हा आईबापांच्या पाळ्या असायच्या, आठवतं ना? एकाने जर्सी धुवायच्या, एकाने पोरींना गाडीतून सामन्याला न्यायचं. जर्सी मी धुवायचे. चौदा निळ्या जर्सी मागच्या दोरीवर वाळत असायच्या आणि शेजारची बाई विचारायची, "मीरा, किती मुली गं तुला?" गाडीची पाळी विवेकची. तो गेल्यावर ती कोण घेणार हा प्रश्न होता, मला गाडी येत नाही. तुम्ही घेतलीत. दर शनिवारी रायस्वाइकहून सकाळी आठला यायचात. ते मी विसरलेले नाही, आणि आज हे लिहितानाही खोडावंसं वाटत नाही.

त्याच वर्षी त्यांच्या ट्रेनरने तेजलला विचारलं होतं, हा माणूस तुझा कोण? ती म्हणाली, "ओम." डचमध्ये काकाला दुसरा शब्द नाही. इथली पोरं आईबापांच्या मित्रांना सरळ नावाने हाक मारतात. आपली पोरं काका म्हणतात. मीच शिकवलं होतं तिला. नाव घ्यायचं नाही, काका म्हणायचं.

तिथूनच हे सगळं सुरू झालं असं आता वाटतं. तेव्हा मला छान वाटलं होतं.

तेजलची बातमी तुम्हाला असणारच, पण माझ्याकडूनही ऐका. अमेरिकेतल्या त्या कॉलेजात ती दोन वर्षं फुटबॉल खेळली, फी माफ, राहणं माफ. मार्चमध्ये तिच्या कोचची चौकशी लागली. मुलींना कॉलेजात आणण्यासाठी बाहेरच्या एजंटांना पैसे दिले म्हणून. घरच्या नातेवाइकाने मुलीसाठी बोलणी केलेली त्यांना चालतात, परक्या एजंटाने केलेली नाही. तेजलला संघाबाहेर बसवलं. ती रोज सरावाला जायची आणि कडेला उभी राहून चेंडू गोळा करून द्यायची. मला हे तिने सांगितलं नाही. तिच्यासोबत राहणाऱ्या मुलीने सांगितलं.

मग मे महिन्यात चौकशीवाल्यांनी मला व्हिडिओवर बोलवलं. आदल्या दिवशी तुमचा फोन आला. तो तुमचा शेवटचा फोन.

"वहिनी, काही घाबरू नका. एवढंच विचारतील की हे कोण. तुम्ही म्हणा, काका."

मी म्हटलं, "पण त्यांचा काका म्हणजे बापाचा भाऊ ना?"

"तो त्यांचा प्रश्न. तुम्ही मराठीत सांगा. मराठीत मी काकाच आहे ना? यात खोटं काय?"

मी हसले सुद्धा. तुम्ही मला नेहमीच हसवू शकायचात. फोन ठेवल्यावर तेजलला लावला. ती इंग्रजीत म्हणाली, आई, एक शब्द तर आहे, म्हणून टाक. तू नाही म्हणालीस तर मला इथून जावं लागेल. मग मराठीत म्हणाली, "तूच तर शिकवलंस मला काका."



माझ्याही पदरी एक गोष्ट आहे, ती आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी त्या कोचशी आपण तिघं आमच्या स्वयंपाकघरातून बोललो. त्याने तुमचं आडनाव वेगळं कसं म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, इंडियात असं असतं, आम्ही सावत्र भाऊ. माझं इंग्रजी कच्चं आहे, पण हाफ ब्रदर कळण्याइतकं पक्कं आहे. मी काही बोलले नाही. उठून चहा ठेवला. तेव्हापासून रविवारी वंदनेला बसले की पंचशील म्हणताना चौथ्यापाशी, खोटं न बोलण्यापाशी, माझा आवाज खाली जातो. आसपासच्यांना वाटतं, बाईला ठसका लागला.

आता त्या दिवसाचं. पडद्यावर दोन अमेरिकन बायका होत्या आणि तिसऱ्या चौकोनात मराठी दुभाषी, मंजूषा म्हणून. आधी त्यांनी तेजलचा फॉर्म दाखवला. तुमच्या नावापुढे नात्याच्या रकान्यात लिहिलेलं, वडिलांचे भाऊ. अक्षर तुमचं, खाली सही माझी. मी म्हटलं, हो, सही माझी.

मग त्यांनी आणखी दोन फॉर्म दाखवले. एक लंडनच्या मुलीचा, आडनावावरून मल्याळी असावी. एक तुमच्याच रायस्वाइकमधल्या गुजराती मुलीचा. दोन्हींत तुमचं नाव आणि तेच नातं. विवेकला एवढे भाऊ होते आणि ते इतक्या ठिकाणी पसरलेले होते, हे सासूबाईंनी मला कधी सांगितलं नाही. कोच तुम्हाला मुलीमागे पैसे देत होता, हेही तिथेच कळलं. किती ते मी विचारलं नाही.

इथपर्यंतही मी तुमची बाजू शोधत होते. म्हणत होते, माणसाला अडचण असते. गाडीच्या पाळ्या तर खऱ्या होत्या.

मग त्यांनी तुम्ही कोचला लिहिलेलं एक पत्र काढलं. मंजूषाने ते वाचलं आणि मला मराठीत सांगितलं. तिचा आवाज थोडा हळू झाला. "यात असं लिहिलंय की, माझ्या भावाने जाण्यापूर्वी माझा हात धरून सांगितलं, तेजलला याच कॉलेजात खेळव."

मला काय झालं सांगू? आधी आनंद झाला. रागावण्याच्या आधी, एक क्षण, नुसता आनंद. तीन वर्षं मी शोधतेय की शेवटी त्याच्या मनात काय असेल. स्टेशनवरून सायकलने घरी येताना तो कॅनॉलच्या कडेला पडला आणि तिथेच गेला. कुणी हात धरायला नव्हतं. सकाळी मला म्हणाला होता ते शेवटचं वाक्य, "येताना कोथिंबीर आणू का?" तेवढंच माझ्याकडे आहे. आणि मला वाटलं, कुणाशी तरी बोलला होता. कुणाला तरी काही सांगून गेला.

मग आठवलं. तुम्ही तेव्हा बहिणीच्या लग्नाला नागपूरला होतात. अंत्यविधीला पाचव्या दिवशी पोचलात, विमानतळावरून थेट, बॅग हातात.

त्या अमेरिकन बाईने विचारलं, हा गृहस्थ तुमच्या नवऱ्याचा भाऊ आहे का? मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "तेजलचे काका."

एवढंच. तुम्ही सांगितलेलं, तसंच्या तसं. अंगवळणी पडलेला शब्द, आपोआप बाहेर आला. मंजूषाने तो इंग्रजीत केला असता तर सगळं मिटलं असतं. तेजल पुन्हा संघात गेली असती. पण ती थांबली. आपल्याकडची होती ना, तिला माहीत होतं. कॅमेऱ्यातून माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, सख्खे की मानलेले?"

हे विचारणारं दुसरं कुणीच त्या सबंध अमेरिकेत नसेल.

मी म्हटलं, "मानले होते."

तिने त्याचं इंग्रजीत काय केलं असेल? मला फक्त 'नो' ऐकू आलं. मग मी माझं चहा ठेवायला उठणंही सांगितलं. लिहून घेतलं त्यांनी.

तेजल आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी फोन आला. कॉलेज तिचे दोन वर्षांचे सामने रद्द धरणार, फी माफी बंद. ती सोडतेय. इथे एनस्खेडेच्या विद्यापीठात प्रवेश मिळतोय, सप्टेंबरपासून, बहुतेक पहिल्या वर्षापासून सुरू करावं लागेल. तिथे फुटबॉल आहे, विद्यार्थ्यांचा, गुरुवारी संध्याकाळी, हौसेचा. हे सगळं तिने नीट, मोठ्या माणसासारखं सांगितलं. मग विचारलं, "आई, बाबा खरंच असं बोलले होते ना?"

तेव्हा मला कळलं की ते वाक्य तुम्ही कोचलाच नव्हे, तिलाही सांगितलं होतं. सामन्याला नेताना, गाडीत. तिला दुसऱ्या एका कॉलेजचंही पत्र आलं होतं, ते चांगलं होतं, मला तेच आवडलं होतं. ते सोडून ती या कॉलेजात का गेली हे दोन वर्षं मला उमगत नव्हतं. बाबांचं वाक्य तिने कागदावर लिहून नडगीवरच्या पॅडच्या आत ठेवलं होतं. प्रत्येक सामन्यात ते तिच्या पायाला लागून असायचं. घामाने विरलं की नव्या कागदावर उतरवायची.

मी म्हटलं, नाही गं, असं काही झालं नाही. ती म्हणाली, तू काकांवर रागावली आहेस म्हणून म्हणतेस.

म्हणून हे पत्र. बाकी कशासाठी नाही. चौकशीवाले तुमच्यापर्यंत येतील न येतील, ते त्यांचं काम. शेजाऱ्यापाजाऱ्यांत मी काही बोललेले नाही, बोलणारही नाही. पुढच्या महिन्यात आपल्या मंडळींच्या कार्यक्रमात समोर आलात तर जयभीम घालीन, कारण तो तुमच्या एकट्याचा नाही.

मला एकच हवंय. तेजल शुक्रवारी, वीस तारखेला घरी येतेय. त्याआधी तिला एक ओळ लिहा: तुझे बाबा असं बोलले नव्हते, ते मी रचलं. इंग्रजीत लिहा, तिला मराठी वाचता येत नाही, आणि ही ओळ तिला माझ्या तोंडून ऐकावी लागू नये. कारणं लिहू नका, माफी मागू नका. तिच्याजवळ बापाचं काय खरं आणि काय तुमचं, एवढं तिला वेगळं करता आलं पाहिजे. कोथिंबिरीचं मी तिला सांगणार आहे. ते थोडं आहे, पण त्याचं आहे.

आणि खाली सही करताना नुसतं नाव लिहा. काका लिहू नका.

मीरा विवेक ढोके