टेबलाचं मधलं

आई, यंदा काटे आणायला मला सावेडीतून रिक्षा करावी लागली. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. आपल्या गावी दाराबाहेर पाऊल टाकलं की चपलेत काटा, आणि इथे काटा हवा म्हणून पैसे मोजून जामखेड रोडला चक्कर मारायची. रिक्षावाल्याने विचारलं, "मावशी, कुंपनाला पायजेत का?" म्हटलं, "नाही रे बाबा, टेबलावर ठेवायला." त्याने आरशातून माझ्याकडे असं बघितलं की जणू आता मला कुठल्या दवाखान्यात सोडावं याचाच विचार करतोय. मग म्हणाला, "नाताळ हाय न्हवं तुमचा? मग ते लाइटवालं झाड मिळतंय की बाजारात. तयार." मिळतं ते मलाही ठाऊक आहे. पण मला गावठी बाभूळ हवी होती, लांब पांढऱ्या काट्यांची. रस्त्याच्या कडेला सगळी वेडी बाभूळ माजलेली, गावठी शोधता शोधता बरंच पुढे जावं लागलं. शेवटी एका बांधावर सापडली. फांदी त्यानेच मोडून दिली, हात ओरबाडून घेतले बिचाऱ्याने, आणि वर म्हणाला, "असं कुनाच्या घरी बघितलं न्हाई बुवा." मी म्हटलं, माझ्या आईच्या घरी होतं. फांदी जुन्या पातळात गुंडाळून मांडीवर घेतली आणि घरी आले.

तुझ्या नाताळाच्या टेबलाला "मधलं" लागायचंच, मधोमध मांडायची काहीतरी सजावट. दुकानातल्या वस्तूंना लोक कसली कसली नावं देतात, आपल्या घरात त्याला एकच नाव, टेबलाचं मधलं. आणि टेबल तरी कसलं? दवाखान्यातून काढून टाकलेलं, लोखंडी पायांचं, एका बाजूला आयोडीनचा डाग असलेलं. आमच्या वडिलांनी, दादांनी, ते डॉक्टरांकडून मागून आणलं होतं. वर्षभर त्याच्यावर गोधड्यांची चळत असायची आणि आम्ही सगळे खाली बसून जेवायचो. नाताळाच्या दुपारी मात्र गोधड्या खाली आणि माणसं वर. उपासनेहून आल्यावर धुतलेली चादर अंथरायचीस आणि मधोमध ते तुझं मधलं. एका वर्षी ज्वारीच्या ताटाचं आतलं मऊ भेंड सोलून बाळ येशूची गव्हाण केली होतीस, तिला उभं करायला बाभळीचे काटे, आत मेंढराच्या जागी दवाखान्यातल्या कापसाचे बोळे. एका वर्षी मोसंबीच्या सालीच्या वाट्या, त्यांत गोडेतेल आणि वात. एका वर्षी झाडावरच वाळून काळी झालेली सीताफळं चुन्यात बुडवून मोठ्या परातीत मांडलीस आणि आत्याला सांगितलंस की हा बर्फ आहे. आत्या म्हणाली, "तू कधी बघितलास गं बर्फ?" तू म्हणालीस, "बेथलेहेमात तरी कुठं पडत हुता?" दादा हसता हसता ठसकले. चर्चचे पाळकसाहेब आले की तुला विचारायचे, बाई, यंदा काय केलंत? बालवाडीत पोरांना शिकवून दमलेली असायचीस तू, पण मधल्याचं कुणी विचारलं की तुझा चेहरा उजळायचा. ते मला आठवतं. खरंच आठवतं.

एकच नियम होता तुझा. मधलं ठेंगणं पाहिजे. एकदा मी हौसेने हरभऱ्याचे डहाळे उंचच्या उंच बांधून ठेवले तर पाठीत धपाटा बसला. "समोरच्याचं तोंड दिसलं पायजे. एकमेकांची तोंडं बघत जेवायचं म्हनून तर टेबल. न्हाईतर खालची पंगत काय वाईट हाय?" मी रुसून बसले होते. डहाळे तू शेळीला घातलेस, तेही माझ्यासमोर. तेव्हा फार राग आला होता तुझा.

आणि म्हणूनच दादा गेले त्या वर्षी तू जे केलंस ते मला कळलं नाही. दिवाळीच्या आसपास गेले ते. दुःखाचं घर, म्हणून दारावर चांदणी लावायची नाही, तळण काढायचं नाही, करंज्या शेजारचे आणून देतील तेवढ्याच. हे सगळं आत्या दारात बसून सांगत होती आणि तू मान डोलावत होतीस. नाताळाच्या आदल्या दिवशी मात्र तू चुलीवर खापर ठेवलंस. आत्या उठून आली. "अगं बया, कढई चढीवलीस व्हय?" तू शांतपणे म्हणालीस, "कढई न्हाई, खापर हाय. त्याल न्हाई, तूप न्हाई. भाजणं काय तळण हुतं का?" भिजवून सुकवलेली ज्वारी खापरात टाकलीस आणि फडक्याचा बोळा फिरवायला लागलीस. लाह्या ताडताड उडायला लागल्या. आम्हा भावंडांना वाटलं खायला असतील. पण तू परसातून बाभळीची फांदी आणलीस, चांगली दोन हात उंच, माती भरलेल्या डब्यात रोवलीस, आणि आम्हाला समोर बसवून एकेका काट्याच्या टोकावर एकेक लाही खोचायला लावलीस.  बोटांना काटे टोचत होते, आम्ही बोटं चोखायचो आणि पुन्हा लाही उचलायचो. संध्याकाळपर्यंत ती काळी काटेरी फांदी अशी फुलली की शेजारणी बघायला आल्या. आत्या तेवढी चिडली. "काटं घरात आणतीस? आन् ते बी सनाला? घरात भांडनं हुत्यात काट्यानं. वर ते काय लहान हाय व्हय, निम्मं टेबल खाल्लं त्यानं!" तू गळालेल्या लाह्या वेचून पुन्हा खोचल्यास. मला आत्याचं पटलं होतं. मनात म्हटलं, माझे डहाळे उंच झाले तर धपाटा, आणि आता हिला चालतं. लहान होते गं मी, पण इतकीही लहान नव्हते.

दुसऱ्या दिवशी जेवताना तू सारखी वाकून फांदीच्या बाजूने पलीकडे बघत होतीस. आम्हाला वाटलं, तिकडच्या टोकाची मेणबत्ती विझते की काय ते बघतेस.

आता माझं सांगते. तुला ठाऊक नाही, तू गेलीस तेव्हा माझा मुलगा शाळेत जात होता. तो यंदा पावसाळ्यात गेला. कामावरून येताना रस्त्यावर. एवढंच लिहिते, जास्त लिहवत नाही. सून आहे. दोघं जामखेडच्या कॉलेजात भेटले होते. ती खर्ड्याच्या बाजूची, तिचे आईबाप दसरा झाला की ऊसतोडीला कारखान्यावर जातात. आमच्यात आली पण देव तिचे तिच्यापाशीच राहिले, मीही कधी काही म्हटलं नाही. नाताळाला ती माझ्याबरोबर चर्चच्या मागच्या बाकावर बसायची आणि नागपंचमीला मी तिच्या हातच्या लाह्या खायची. त्या दोघांच्या लग्नानंतर आमच्याकडे जेवणाचं टेबल आलं, चांगलं सागवानी, चार खुर्च्यांचं. मी एका बाजूला, तो माझ्या समोर, ती त्याच्या शेजारी. तो गेल्यापासून आम्ही दोघी त्या टेबलाला बसलो नाही. मी माझं ताट खोलीत घेऊन जायची, ती ओट्याशी उभ्याने जेवायची. भांडण नव्हतं गं. भांडण असतं तर मी निस्तरलं असतं, माझं तोंड तुला ठाऊक आहे. आम्ही एकमेकींना टाळत होतो. तिला माझ्यात तो दिसायचा आणि मला तिच्यात. डिसेंबर लागला तसा तिचा भाऊ फोन करायला लागला. तो चाकणला टेम्पो चालवतो. "ताईला घिऊन जातो, तितं काम बी मिळंल तिला," असं माझ्याशीच बोलला. मी म्हटलं, तिला विचार. तिने होही म्हटलं नाही आणि नाहीही. मला एवढंच वाटत होतं की जायच्या आधी एकदा तिने माझ्यासमोर बसून जेवावं. या अबोल्यातून उठून ती गेली तर आमचं नातं तिथेच संपेल, हे मला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून फांदी आणली. फांदीवरचं पातळ सोडलं तशी ती स्वयंपाकघरातून बघायला आली आणि बऱ्याच दिवसांनी आपणहून बोलली. "आई, आमच्याकडं काटा घरात घेत न्हाईत." म्हटलं, "आमच्याकडेही घेत नाहीत. माझ्या आईने घेतला होता." मग तिला तुझं सगळं सांगितलं, खापर, आत्या, भाजणं आणि तळण. ती म्हणाली, "लाह्या तर पंचमीच्या असत्यात. आत्ता कुठं मिळत्याल दुकानात?"  मग स्वतःच डब्यातून ज्वारी काढून भिजत घातली. दुसऱ्या दिवशी तिने लोखंडी तव्यावर त्या फोडल्या, फडक्याचा बोळा अगदी तुझ्यासारखाच फिरवत. कितीतरी दिवसांनी या घरात भांड्याखेरीज कसला तरी आवाज झाला. आम्ही खाली बसून खोचायला लागलो. तिची बोटं माझ्यापेक्षा चपळ. एकदा काटा जोरात टोचला तेव्हा म्हणाली, "लई खोड्या काढल्या असत्या त्यांनी आत्ता." मी म्हटलं, "अर्ध्या लाह्या खाल्ल्या असत्या." ती हसली. आणि लाह्यांची मूठ माझ्यापुढे ठेवली. 

नाताळाच्या दुपारी मी टेबल मांडलं. फांदी तुझ्यासारखीच उंच, आणि आधी बरोब्बर मध्ये. खरं सांगते, ठेवताना मी माझ्या खुर्चीवर बसून बघितलं, समोरची खुर्ची झाकली जाते की नाही ते. थोडी डावीकडे सरकवली, मग झाकली गेली. आणि त्याच क्षणी मला दवाखान्यातलं टेबल आठवलं, दादा बसायचे ती तुझ्यासमोरची जागा आठवली, आणि तुझा धपाटा आठवला. इतकी वर्षं मी त्या उंच फांदीला तुझी लहर समजत होते. केवढी मठ्ठ मुलगी गं तुझी!

मटण वाढलं, भात वाढला, तिला हाक मारली. मला वाटलं ती तिच्या नेहमीच्या खुर्चीवर बसेल, आणि मधे फांदी असली तरी तिरकी दिसेल मला. ती आली, उभी राहिली, आणि त्याच्या खुर्चीवर बसली. मला तिचा भांग तेवढा दिसत होता. मी भात कालवायला लागले. तेवढ्यात पलीकडून तिचा हात आला. तिने फांदीचा डबा धरून बाजूला ओढायला सुरुवात केली, चार-दोन लाह्या गळल्या. "राहू दे गं," मी म्हटलं. ती म्हणाली, "तुमी दिसंनात." म्हटलं, "माझ्यात काय बघायचंय आता?" "बघू द्या की," ती म्हणाली, आणि फांदी टेबलाच्या कडेला नेऊन ठेवली. मग आम्ही एकमेकींकडे बघत जेवलो. दोघींच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि दोघी जेवत होतो. कुणी पुसलं नाही. मला फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी इतकं बरं वाटलं की काय सांगू.

जेवता जेवता ती म्हणाली, "भाऊ परवा येतोय." तेव्हा माझ्या अगदी ओठावर आलं होतं, राहा. अजून वय आहे तिचं, पुढे अख्खं आयुष्य आहे, मी कोण तिला अडवणारी, हे सगळं खरं. पण ती घास हातात धरून थांबली होती, माझ्या तोंडाकडे बघत. आणि मी म्हटलं, "भात घे अजून."

परवा तिचा भाऊ आला, टेम्पो खाली उभा करून. त्याने बॅगा नेल्या. ती पाया पडली. दारात म्हणाली, "आई, तुमी जा बी म्हनला न्हाईत, आन् राहा बी म्हनला न्हाईत." मी म्हटलं, "टेम्पोत वारं लागेल, स्वेटर घाल." तिने माझ्यासमोर स्वेटर घातला, सगळी बटणं लावली, आणि गेली.

आता सकाळचे चहाचे कप धुऊन हे लिहायला बसले आहे. लाह्या सादळल्या आहेत, रोज थोड्या गळतात. फांदी टाकून द्यायला हवी, कामवाली कालच म्हणत होती. पण मी ती कडेची उचलून पुन्हा मध्ये ठेवली आहे, दोघांच्याही खुर्च्या एकदम झाकतील अशी. या कागदाची घडी घालून मी तो तुझ्या बायबलात ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार? चाकणचा पत्ता माझ्याकडे आहे, पण जे तिला लिहायचं ते मी तुला लिहीत बसले आहे.

आणि आई, त्या दिवशी तू मेणबत्ती बघत नव्हतीस, ते आता मला ठाऊक आहे. मीही एकटी जेवताना मधूनमधून वाकते आणि फांदीच्या बाजूने पलीकडे बघते.