उलट्या कावळ्यांचा देश

॥ मात्सू माता प्रसन्न ॥
चियाई, १२ सप्टेंबर २००६

ती. सुलानताईस, बीशियाचा शि. सा. नमस्कार.

तुझी नात सुखरूप पोचली. बोटीत उलटी झाली नाही. तू दिलेला शेंगदाण्यांचा डबा आमच्या ह्यांनी दोन दिवसांत अर्धा केला. यूशान वेळेवर उठते, जेवते, स्वतःचा वाडगा धुते. फक्त बोलत नाही. विचारलं तर 'हो, मावशीआजी', आणि न विचारलं तर तेही नाही. तू सांगितल्याप्रमाणे तिच्या आईचा फोटो मी कपाटात रजयांखाली ठेवलाय. ते नाव घरात काढायचं नाही, हे ह्यांनाही बजावलंय. वर्ष होत आलं, आता तरी खपली धरू दे.

तुला फोनवर ऐकू येत नाही हे एका परीने बरंच. पुढचं तोंडाने सांगायची मला लाजच वाटली असती.

शाळेच्या पालकसभेला मी जुना गणवेश मिळेल का, एवढंच विचारायला गेले होते. आले ती ग्रंथालयाचं काम गळ्यात घेऊन. तिथल्या त्साय बाईंना आठवड्यातून दोन सकाळी सातवीच्या मुलांना कादंबऱ्या सुचवायला कुणीतरी हवं होतं. बाकीच्या आयांना नेमकं तेव्हाच पर्समध्ये काहीतरी शोधायचं आठवलं. माझ्याकडे पर्स नव्हती. पिशवी होती, तीही रिकामी.

कपाटाचे कप्पे दोन. पहिल्यावर पाटी 'अद्भुत'. ते कळलं. दुसऱ्या पाटीवर आपली चार चिनी अक्षरं, एकेकाचा अर्थ: उलट, कावळा, सोपवणे, देश. मी मॅट्रिक झालेली बाई, अक्षरं वाचून अर्थ लावला, की ज्या देशाचा कारभार कावळ्यांवर सोपवलाय त्याच्या उलट काहीतरी असणार. म्हणून त्या कप्प्यात मी पक्ष्यांची सगळी पुस्तकं लावली, 'घरच्या घरी लाव्हे पाळा' धरून. एका मुलीने गंभीरपणे विचारलं, मावशी, यात लाव्हे सरकार उलथवतात का?

त्साय बाई डोळे पुसून मग म्हणाल्या, 'यूटोपिया' हा शब्द परदेशी आहे, आपण त्याचा नुसता आवाज आपल्या अक्षरांत बसवलाय आणि पुढे 'उलट' जोडलंय. कावळ्याचा काही संबंध नाही. कुणीही दुःखी असू नये असं सरकार ठरवतं आणि त्यापायी असे नियम करतं की माणसाला श्वास घेणं कठीण होतं, अशा राज्यांच्या त्या गोष्टी. तेरा वर्षांच्या पोरांना हे कशाला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, तीच मागतात. माझं डोकं अजून गरगरतंय.

चुकलंमाकलं समुद्रात सोड, माया तेवढी किनाऱ्यावर राहू दे.
तुझी बीशिया


पेंगहू, २० सप्टेंबर

चि. सौ. बीशियास, ताईचे अनेक आशीर्वाद.

शुद्धलेखनात तुझा पहिला नंबर यायचा, तेव्हाच मी आईला सांगत होते की हिला अक्षरं येतात, अर्थ येत नाही. तुझ्या लाव्ह्यांपायी मी इतकी हसले की मासळीतलं वाळत घातलेलं माकूल मांजराने नेलं. नुकसान तुझ्या नावावर.

आता कामाचं. तसली काळी पुस्तकं यूशानला द्यायची नाहीत. तिला थोरामोठ्यांची चरित्रं दे, नाहीतर तुझी ती लाव्ह्यांची दे. तिची आई गेली तेव्हा मी एकच ठरवलं, की या पोरीला पुन्हा रडू द्यायचं नाही. ती आणखी कोमेजलेली दिसली तर फेब्रुवारीत, आपल्या नव्या वर्षाला येऊन तिला परत घेऊन जाईन. शहरातली शाळा राहिली तर राहिली, बेटावरची काय वाईट आहे?

सोबत माकूल पाठवलंय. ह्यावेळी घरधन्यापासून लपवून ठेव.

जशी आहेस तशीच वेडी राहा, हाच आशीर्वाद.
तुझी ताई


॥ मात्सू माता प्रसन्न ॥
चियाई, ५ नोव्हेंबर

ती. ताईस, शि. सा. नमस्कार.

माकूल मिळालं. लपवलं, तरी सापडलं.

ताई, कुठलं पुस्तक कुणाला द्यावं हे मला काही केल्या कळेना. कळेनासं झालं की आपण काय करतो? देवळात जाऊन नंबराच्या काड्या हलवतो, निघेल त्या नंबराची भविष्याची चिठ्ठी घेतो. मी तेच केलं. जुन्या जेवणाच्या काड्यांवर नंबर घातले, सॉसच्या डब्यात उभ्या केल्या आणि प्रत्येक नंबराला देवळातल्यासारखी चिठ्ठी लिहिली. ड्रॅगन नि जादूच्या गोष्टी 'उत्तम' आणि श्वास कोंडणाऱ्या राज्यांच्या 'अधम'. वाटलं, अधम निघालं की मुलं आपणच मागे फिरतील. देवळात वाईट चिठ्ठी कुणी घरी नेतं का? तिथेच ठेवून येतो आपण. इथे उलटंच! मावशी, मला अधमातलं अधम द्या, म्हणून ढकलाढकली. एकाला तीनदा 'उत्तम' निघालं तर त्याचं तोंड एवढंसं झालं. त्साय बाई म्हणतात, पुस्तकं नेल्याची वही इतकी कधी भरली नव्हती.

आणि मग रांगेत यूशान आली. तिला सत्तावीस नंबर निघाला. सगळ्यात शेवटची, अधमाधम. मी म्हटलं, पुन्हा काढ. तिने काडी सोडली नाही. दोन महिन्यांत पहिल्यांदा पुरतं वाक्य बोलली, की मावशीआजी, देवळात परत काढू देतात का?

मी पुस्तक बांधणीला दिलंय अशी थाप मारली, घरी आणलं आणि तांदळाच्या डब्यात खुपसलं. मग मात्सू मातेपुढे कौल लावायच्या दोन लाकडी चंद्रकोरी टाकल्या. देऊ का, म्हणून विचारलं. एक उताणी एक पालथी म्हणजे हो, हे ठरलेलं. माझ्या दोन्ही उताण्या पडल्या. माता हसली! तीनदा टाकल्या, तीनदा हसली. माता हसली म्हणजे प्रश्न नीट विचारला नाही. याहून नीट कसा विचारायचा?

शेवटी मीच वाचायला घेतलं. एक शहर असतं. तिथे वारलेल्या माणसाचं नाव काढायला बंदी, लोकांना वाईट वाटू नये म्हणून. अधिकारी घरोघर येऊन फोटो नेतात, पण अगदी गोड बोलून. एक मुलगी आईचं नाव झिजून जाऊ नये म्हणून ते दिवसभर आवाज न काढता तोंडातल्या तोंडात घोळवते. वाचता वाचता माझा भात करपला. यात भूत नाही, रक्त नाही, कुणी दुष्टसुद्धा नाही. सगळ्यांना चांगलंच करायचंय. त्याचीच मला भीती वाटली. शेवटची वीस पानं वाचवेनात.

हे सगळं तुला का लिहितेय, तेही मला धड कळत नाही. देऊ की नको? तू म्हणशील ते.

रागावलीस तरी पत्रातून रागाव, अबोला नको.
तुझी बीशिया


पेंगहू, १४ नोव्हेंबर

बीशियास,

पत्र पोचलं. पुस्तक द्यायचं नाही. घरात काय ठेवायचं आणि काय झाकायचं, हे कुठल्या कादंबरीने मला शिकवायला नको. पोरीच्या भल्यासाठी केलंय, गोड बोलून केलं नाही एवढंच. नव्या वर्षाला येते. तिचं सामान बांधून ठेव.

ह्यावेळी माकूल नाही.
सुलान


॥ मात्सू माता प्रसन्न ॥
चियाई, २३ डिसेंबर

ती. ताईस, शि. सा. नमस्कार.

महिनाभर लिहायचा धीर झाला नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी पुस्तक परत करायला डबा उघडला. पुस्तक होतं जागेवर, पण शेवटच्या पानांमध्ये तांदळाचे दाणे अडकले होते. शनिवारचा भात यूशान लावते, हे मी विसरलेच होते. दाणे झटकून पुस्तक मी पुन्हा तांदळातच ठेवलं.

काल हिवाळ्याचा सण. तांदळाच्या पिठाचे गोळे वळले. आम्ही माणसं तीन आणि यूशानने वाडगे मांडले चार. मी म्हटलं, चुकलीस. ती म्हणाली, नाही चुकले. मग मान खाली घालून तिने विचारलं, मावशीआजी, आपलं घर उलट्या कावळ्यांचं आहे का? ह्यांना कुठे काय माहीत! घरात कावळा शिरला म्हणून हे झाडू शोधायला उठले, न्हाणीघरात सुद्धा बघून आले. आणि ताई, तुझी नात हसली. गोळा घशात अडकेपर्यंत हसली. हसता हसता रडायला लागली, आणि किती रडली. तिला रडू द्यायचं नाही असं तू लिहिलं होतंस, पण मला थांबवता आलं नाही. खरं सांगते, मी थांबवलंच नाही.

मग तिने आईचं नाव घेतलं. मोठ्याने. ह्यांनी झाडू हळूच खाली ठेवला. ते नाव इथे लिहीत नाही, तुझी मनाई आहे. पण फोटो मी बाहेर काढलाय. चौथ्या वाडग्याशेजारी ठेवला.

सामान बांधलेलं नाही. ते तू येऊन बांध, मला जमणार नाही. यूशानने तुला एक विचारायला सांगितलंय. बेटावर आजी ते नाव तोंडातल्या तोंडात घोळवते का? मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच मला माहीत नाही, ताई.

शिक्षा काय ती दे, पण नातं ठेव.
तुझी बीशिया


पेंगहू, ४ जानेवारी २००७

चि. सौ. बीशियास, अनेक आशीर्वाद.

वाऱ्याने बोट आठ दिवस बंद होती. तुझं पत्र काल मिळालं, ते किनाऱ्यावर नेऊन वाचलं.

यूशानला सांग, हो. रोज. माकूल उलटताना, एकेका माकुलागणिक एकदा. काल मोठ्याने म्हणून पाहिलं. मला ऐकू आलं नाही, पण शेजारीण हातातलं टाकून माझ्याकडे बघत राहिली, त्यावरून आवाज निघाला असावा.

नव्या वर्षाला येते. न्यायला नाही, नुसती भेटायला. शाळा तीच राहू दे. ते सत्तावीस नंबरचं पुस्तक माझ्यासाठी ठेव. तांदळात नको, टोके लागतील. वाईट चिठ्ठी देवळातच ठेवून यायची असं आई सांगायची, आणि मीही जन्मभर तेच केलं. ह्या पोरीने घरी नेली, तर तिचं काही वाईट झालं नाही. मला यातलं काही कळत नाही, बीशिया. माता हसते तर हसू दे.

एक मात्र लिही. चौथ्या वाडग्यात गोळे कसले घातले होतेस? शेंगदाण्याचे असतील तर चुकलीस. हायिंगला तिळाचेच आवडायचे.

माकूल पाठवतेय, ह्यावेळी चौघांपुरतं.

हायिंगची आई,
सुलान