तळं तळ्यात पडलं त्याची हकीकत

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (हल्ली वाकलं की कमरेत उसण भरते, तेव्हा हा नमस्कार कागदावरच गोड मानून घ्यावा.) तुमचा खोकला कसा आहे? मामींचे गुडघे काय म्हणतात? तुमची लेक फोनवर सांगत होती की तुम्ही अजून रोज सकाळी फिरायला जाता आणि वाटेतल्या दुकानांच्या पाट्यांवरच्या अक्षरांना नावं ठेवत परत येता. पाट्या रंगवण्यात जन्म गेलेल्या माणसाची तब्येत याहून चांगली काय असणार! इकडे सर्व ठीक आहे. पत्रात तसं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. काय काय ठीक नाही ते खाली येईलच.

पत्रास कारण म्हणजे तुमचं तळं. तरुणपणी तुम्ही आमच्या स्टुडिओसाठी जो पडदा रंगवलात, त्यावरचं. निळंशार पाणी, पलीकडे बर्फाचे डोंगर, काठाला एक होडी आणि होडीशेजारी तो हंस. बाबांनी त्या पडद्यापुढे इतक्या नवरा-नवऱ्या उभ्या केल्या की कुणाच्याही घरी जा, भिंतीवर आपलं तळं असतंच. आईबाबांचा स्वतःचा फोटोही तिथलाच. बाबा गेल्यापासून स्टुडिओ मी बघतो, आणि आता सगळ्यांना पासपोर्टचे फोटो हवे असतात, मागे पांढरी भिंत. त्यामुळे तळं गुंडाळून कपाटामागे उभं होतं, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

ते बाहेर निघालं आईच्या डोळ्यांपायी. तिला काचबिंदू झालाय. डॉक्टर म्हणाले, एका डोळ्याचं काम संपलं, दुसऱ्याचं किती दिवस चालेल सांगता येत नाही. मी त्यांना पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिलो. आई मात्र दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच म्हणाली की नजर आहे तोवर मला ते तळं बघायचंय. कुठलं तळं, तर पडद्यावरचं. माझ्या भावाने बघितल्याशिवाय काढलं नसणार, ते कुठेतरी असणारच, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, मामांना विचारू का? तर म्हणाली, माझं नाव न घेता विचारायचं तर विचार. मग मी विचारलंच नाही. (तुम्हाला आठवत असेल, शेवटचे तुम्ही पडदा उजळून द्यायला आला होतात, तेव्हा आई सगळ्यांदेखत बोलून गेली की या खेपेला होडीला वल्ही काढ आणि त्या हंसाला जरा आवर, नवरीपेक्षा मोठा दिसतो. तुम्ही ब्रश बरणीत तसाच ठेवून चपला घातल्यात, ते आजतागायत. बरणीतलं पाणी केव्हाच उडून गेलं. ब्रश अजून उभा आहे. मी तेव्हाही दोघांच्या मध्ये तळ्यात-मळ्यात करत होतो आणि आजही तेच करतोय.)

तेव्हा विचारण्यापेक्षा शोधणं सोपं असं मला वाटलं. माझी अक्कल तुम्ही लहानपणापासून जाणताच. पहिलं तळं नकाशात छान निळं दिसत होतं. जाऊन बघतो तर तिथे बसचं आगार. पाणी होतं ते फक्त बस धुवायच्या नळाला. मी चौकशी केली तर तिथला कंडक्टर शांतपणे म्हणाला की तळं हेच, तुम्ही उशिरा आलात. परतीच्या वाटेवर आई म्हणाली, गोष्टीत बरं असतं, राजपुत्राला तहान लागली की समोर तळं हजर, त्यात कमळं आणि बोलणारा मासा. मी म्हटलं, कारण गोष्टीतल्या तळ्याची जागा कुणाला बांधकामासाठी नको असते. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली की या खेपेला पडदाही बरोबर घे, मिळतंजुळतं आहे का ते शेजारी धरून बघू. एका डोळ्याने मी तळं बघू की आठवू?

मग गाडीच्या टपावर गुंडाळलेलं तळं बांधून आम्ही दुसऱ्या तळ्याला गेलो. (तुमची सूनबाई सोबत आली नाही. आपल्या नवऱ्याला ओळखत नाही असं दाखवण्याचे प्रसंग आधीच पुष्कळ येतात, म्हणाली.) या तळ्याला कुंपण होतं, तिकीट होतं, रखवालदार होता आणि पाण्यावर इथून तिथवर जलपर्णी होती. तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात, पण हा रखवालदार प्यायचं पाणी घरून बाटलीत आणत होता. आईने त्याला विचारलं, इथे हंस येतात का? तो म्हणाला, आजी, इथे बगळासुद्धा नाक धरून बसतो.

तरी पडदा उघडला. कुंपणाच्या दोन खांबांना त्याचा वरचा दांडा टेकवला, एका बाजूची दोरी मी खांबाला बांधली, दुसरी आईने हातात धरली. आई बाकावर बसून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती. आणि मामा, तुम्हाला खोटं वाटेल, पण मागे खरं तळं असताना लोक तुमच्या तळ्यापुढे येऊन उभे राहायला लागले. आधी एक नवं जोडपं, मग एक अख्खं कुटुंब, मग निवृत्त मास्तरांचा एक घोळका. कॅमेरा माझ्या गळ्यात असतोच. रांग लागली. रखवालदाराने आधी हरकत घेतली, मग भांग पाडून तोही रांगेत उभा राहिला. होडीला वल्ही नाहीत हे एकालाही दिसलं नाही. हंसाचं मात्र सगळ्यांनी कौतुक केलं. खरं सांगतो, ऊर भरून आला. बाबा असते तर त्यांनी तुम्हाला तिथल्या तिथे तार केली असती.

रखवालदाराची पाळी आली आणि वारा सुटला. आईच्या बाजूची दोरी गेली, पडदा शिडासारखा फुगला, कुंपणावरून पलीकडे उडाला आणि तुमचं तळं त्या तळ्यात जाऊन पडलं. आम्ही बांबूने ओढून काढलं तोवर डोंगर वितळले होते, हंस होडीत मिसळला होता आणि मागे एक निळसर चादर उरली होती. मला रडू आवरेना. आईने चष्मा पुसला आणि म्हणाली, इतक्या वर्षांनी एकदाचं त्यात पाणी आलं.

तर मामा, विनंती एवढीच, की ते खरं तळं कुठे आहे त्याचा पत्ता कळवावा. कुणी विचारलं की तुम्ही ब्रश दातात धरून हाताने नुसतं 'पलीकडे' दाखवायचात. कशाच्या पलीकडे, एवढं लिहिलंत तरी गाडी काढतो. मामींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुमचा भाचा

ता.क. पाकीट चिकटवायच्या आधी पत्राची पानं टाचायला सुई हवी म्हणून आईचा शिवणाचा डबा उघडला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे. झाकणावर निळं पाणी, बर्फाचे डोंगर, बिनवल्ह्यांची होडी. हंसही आहे, पण बोटाच्या पेराएवढा. म्हणजे तळं कुठे आहे हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. आता पत्ता कळवायची गरज नाही.

ता.क. दुसरा. पडद्याच्या दोऱ्याही नीट बघितल्या. आईच्या बाजूची तुटलेली नाही. ती सोडलेली आहे.

ता.क. तिसरा. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, तू तळं शोधत बसलास, त्याला पत्र लिहायचं काही तुला सुचेना, मग मी काय करणार? नवं कापड आणलंय. रंग तुम्ही आल्यावर तुमच्या पसंतीने घेऊ. लवकर या, मामा. तिला तळं नको आहे, तुम्ही हवे आहात.

ता.क. शेवटचा. आई मागे उभी राहून लिहायला सांगते आहे, तेव्हा तिच्याच शब्दांत देतो: वल्ही नसली तरी चालेल. पण हंस होता तेवढाच काढ म्हणावं. लहान काढलास तर मला दिसायचा नाही.