रांजणखळग्यात जमलेलं लग्न

प्रिय सोल्वेगताईस,

धाकट्या याल्मारचा आदरपूर्वक नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? डुलुथच्या थंडीत कुरकुरत असणारच. (माझे ठणठणीत आहेत. बाकीच्या देहाबद्दल पुढे लिहितो.)

शनिवारी बोर्गहिल्डला घेऊन सेंट क्रॉय नदीकाठच्या काळ्या कातळावर गेलो होतो. बोर्गहिल्ड म्हणजे चर्चच्या गायनात माझ्यापुढे उभी राहते ती विधवा. चार वर्षं मी तिला मागणी घालायला निघतो आणि हवेबद्दल बोलून परत येतो. त्या दिवशीही तिने केलेली लेफ्से, म्हणजे आपली बटाट्याची पोळी, खाऊन झाली, कॉफी संपली, आणि माझ्या तोंडून निघाली हिमनदी! बर्फ वितळून पाणी कसं उसळलं, भोवऱ्यात गरगरणाऱ्या गोट्यांनी कातळात रांजणखळगे कसे कोरले, हे सांगता सांगता मला इतका चेव आला की मी एका खळग्यात उतरूनच दाखवलं. पाय गेले, कंबर गेली, पोट मात्र वाटेतच राहिलं. ना वर, ना खाली.

तेवढ्यात सहलीची बोट आली. वाटाड्या भोंग्यातून ओरडला, "उजवीकडे पाहा, दहा हजार वर्षांपूर्वीचे खळगे! आतले गृहस्थ नंतरचे आहेत." (लोकांनी फोटो काढले. मी हात हलवला. दुसरं काय करणार?)

बोर्गहिल्डने अग्निशामक दलाला फोन केला आणि शेजारी फतकल मारून बसली.

"अर्धा तास लागेल म्हणतात," ती म्हणाली. "याल्मार, आज तुला पळता येणार नाही, म्हणून विचारते. माझ्याशी लग्न करणार आहेस की नाही?"

"हवा छान आहे," मी म्हणालो. (सवय!)

"हवा मला दिसतेय. तुझं बोल."

"करीन," मी म्हणालो, आणि ताई, माझा आवाज चक्क फाटला. साबणाच्या बादल्या घेऊन माणसं येईपर्यंत तिने माझ्या टकलावर हात ठेवला होता. शेवटी मी बाहेर निघालो, पँट आतच राहिली.

तुझा,
याल्मार

ता. क. आईची अंगठी तू 'जपायला' नेलीस, ती पाठव. ती माझ्या कपाटात आहे असं बोर्गहिल्डला सांगून बसलोय.

पुन्हा ता. क. पाठवू नकोस, घेऊन ये. आईच्या दफनानंतर आपण भांडणात एकमेकांना काय काय बोललो ते मी विसरलोय, तूही विसर. लग्नात बोर्गहिल्डच्या बाजूचे बाक तिच्या बहिणींनीच भरतील. माझ्या बाजूला बसायला तुझ्याशिवाय कुणी नाही.