डाव्या बाजूला उभे राहा

रुकय्या, सलाम.

जेद्दातली माझी नोकरी संपली. ट्रॅव्हल एजन्सीत आता सौदी माणूसच बसवायचा, असा हुकूम आहे. माझ्या खुर्चीवर नूरा नावाची मुलगी आली आणि महिनाभर मीच तिला काम शिकवलं.

वाईट वाटून घेऊ नकोस. एकोणीस वर्षं मी अरबांना कोची बघायला पाठवलं, एकही जण तक्रार घेऊन परतला नाही. "मासेमारीची चिनी जाळी संध्याकाळी बघा. डाव्या बाजूला उभे राहा, उजवीकडे गर्दी असते," असं मी सांगायचो. मट्टनचेरीत सुंठीचा वास कोणत्या गल्लीत येतो, तेही सांगायचो.

कोची पाहिल्याचं तुलाही सांगितलंय. ते खोटं. मलबारी गिऱ्हाइकांना विचारून विचारून मी ते शहर पाठ केलं. सुट्टी मिळाली की तुझ्याकडेच पळत यायचो.

शेवटच्या दिवशी नूराने विचारलं, "तुम्ही कधी गेला होता?" तिच्याशी खोटं बोलवेना. तिने माझं परतीचं तिकीट मुंबईऐवजी कोचीचं काढलं आणि फिरायचा कागद छापून हातात दिला. पहिलीच ओळ होती: संध्याकाळी, डाव्या बाजूला उभे राहा.

बघ, किती पक्कं शिकवलंय मी!

हे पत्र टाकणार नाही. फोनवर एवढंच सांगेन, की रत्नागिरीहून गाडी पकड आणि कोचीसाठी एर्नाकुलमला उतर. खोटं कबूल करीन, पण आधी तुला सगळं शहर फिरवून. तोवर रस्ता कुणालाही विचारू नकोस. मी आहे ना.

तुझा,
शौकत