गुडघ्याची वाटी

बाई, आज नातीने माझ्या गुडघ्याला हात लावला, म्हणून तुम्हांला लिहायला बसले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आपल्या गच्चीवर योगाचा वर्ग भरायचा, हे आता कोणाला सांगून खरं वाटत नाही. तेव्हा गच्चीवरून मिठागरं दिसायची. हे गेल्यावर मुलाने परळची खोली विकली आणि इथे मीरा रोडला ब्लॉक घेतला. परळला दिवसा दार लावायची पद्धतच नव्हती. इथे मुलगा-सून ऑफिसला गेले की दार बंद, ते संध्याकाळी उघडायचं. शेजारीण हिंदी बोलायची आणि माझं हिंदी भाजीवाल्यापुरतं. पाण्याचा टँकर आला की खाली उतरायचं, तेवढीच माणसं दिसायची. अशात तुम्ही जिन्यात भेटलात आणि म्हणालात, गच्चीवर येत जा, घरात बसून पाठ वाकेल.

मला वाटलं हातपाय वळवायचे असतील. तुम्ही तर आम्हांला ताडासन म्हणून नुसतं उभं केलंत. पाऊल सगळं सारखं टेका, पोट पुढे सोडू नका, मांडी आवळा, गुडघ्याची वाटी वर ओढा. उभं राहण्यात एवढं काम असतं हे मला जन्मात ठाऊक नव्हतं. बाकीच्या बायका हळूहळू पंजाबी ड्रेसवर आल्या, त्यांचं तुम्हांला लांबूनच दिसायचं. साडीवाली मी एकटी उरले. निऱ्यांत गुडघा कुठे दिसणार, म्हणून तुम्ही माझ्यापुढे उकिडव्या बसायचात, साडीवरूनच वाटी चाचपायचात आणि म्हणायचात, "मांडी झोपलीय हो तुमची. उठवा तिला." सगळ्या हसायच्या, मीही हसायचे. सून आपला जुना ड्रेस द्यायला तयार होती. मी म्हटलं, मला लाज वाटते. लाज कसली, बाई. हे गेल्यापासून मला कोणाचा हात लागला नव्हता.

आता नात कॉलेजात आहे, मोबाईलवर बघून योगा करते. सकाळी मी ताडासनात उभी राहिले तर सोफ्यावरूनच म्हणतेय, आजी, गाऊनमध्ये काय कळणार, वर धर जरा. मी म्हटलं, तूच ये आणि बघ हात लावून. आली की. एका हातात मोबाईल, दुसरा हात माझ्या गुडघ्यावर. म्हणाली, "अगं, दगड आहे नुसता. कोणी शिकवलं तुला?" मी इतकी खूश झाले की चहात साखर दोनदा पडली. तुमच्याबद्दल सांगायला लागले तोवर तिची रिक्षा आली, दार लागलं, आणि घरात परत मी एकटी. म्हटलं, अर्धवट राहिलेलं तुम्हांलाच सांगावं.

हा कागद पिठाच्या डब्याखाली ठेवणार आहे, पाठवायचा तरी कुठे. पण एक सांगून टाकते. माझी मांडी तेव्हाही झोपलेली नसायची, बाई. तुम्ही माझ्यापुढे बसायला लागलात की मी वाटी हळूच सोडून द्यायचे.