गिटारीवरचा बिल्ला

दादा, ती जपानचीच आहे. तुमची गिटार. आज दुपारी सोलापुरात, जुनी वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका चाचांच्या टेबलावर ते कळलं, आणि परतीच्या एसटीत मांडीवर वही घेऊन मी हे लिहिते आहे. अक्षर हलतं आहे.

चाचांनी आधी नखानं रंग टोकरला. "किती थर हायत हे?" "वर्षाला एक," मी म्हणाले. तुमची गायनपार्टी दर जयंतीआधी ढोलकीपासून पेटीपर्यंत सगळ्याला निळा ऑइलपेंट मारायची. गिटारीच्या मानेमागचा पत्राही सुटला नव्हता. चाचा त्याच पत्र्यावर थिनरचा कापूस फिरवतात. निळं उतरत जातं आणि ठोकलेली इंग्रजी अक्षरं एकेक करून वर येतात. शेवटचं अक्षर दिसायच्या आत मी ओरडते, "जपान!" चाचा दचकतात. "ताई, मला तरी वाचू द्या."

मग त्यांनी चार स्क्रू काढून मान वेगळी केली. आत, खाचेत, पेन्सिलीनं घाईत लिहिलेली दोन जपानी अक्षरं होती. तारांखालच्या, आवाज पकडणाऱ्या पिकअपवर सोनेरी पत्रा. असले त्या काळी तिकडंच बनायचे, चाचा म्हणाले. तारा टेकतात त्या पितळी तुकड्यावर मात्र ते थांबले. "हे जपानचं न्हाय. हे कुणी घासलं?"

"वडिलांनी. साखर कारखान्यात फिटर होते."

"हात होता माणसाला."

दादा, त्या दुकानात मी उड्या मारायचंच तेवढं बाकी राहिलं.

मूळ रंग असता तर दुप्पट आले असते, तरी चाळीस हजार कुठं जात नाहीत, असं ते म्हणाले. "निळा खरवडू का?" मी गिटार ओढूनच घेतली. विकायची नाही, खरवडायचीही नाही. तुमचं खरं होतं का, मला एवढंच जाणून घ्यायचं होतं.

कारण दहावीत असताना मी ते खोटं ठरवलं होतं. अंगणात सराव चालला आहे. पेटीवाले काका मला म्हणतात, "ऐकलं का पोरी, तुझ्या बापाची मशीन जपानवरनं आलीया!" आणि मी, इंग्रजी वाचता येतं म्हणून ताठ झालेली, सगळ्यांसमोर विचारते, "मग नाव कुठं हाय तिच्यावर? डुप्लिकेट हाय ती." सगळे हसतात. तुम्ही तार पिळत राहता. "जपानचीच हाय," एवढंच म्हणता. त्यानंतर पार्टीत तिला डुप्लिकेटच म्हणू लागले. तुम्ही फिटर, ती मान तुम्ही कधीतरी खोललीच असणार. स्क्रूड्रायव्हर हाताशी होता. तुम्हाला मला दोन मिनिटांत गप्प करता आलं असतं. का केलं नाहीत?

निघताना चाचांनी गिटारीच्या डोक्यावर, रंगाखाली बुजलेली दोन भोकं दाखवली. "इथं बिल्ला होता. कारखाना बिननावाचा माल धाडायचा, विकणारा आपलं नाव ठोकायचा. पडला असंल कुठंतरी." मी मान हलवली.

पडला नव्हता, दादा. मी सहा वर्षांची होते. जयंतीला कार्यकर्त्यांच्या छातीवर बिल्ले होते, मी मागितला तर "पोरींना कशाला?" म्हणाले. तुमच्याच स्क्रूड्रायव्हरनं मी गिटारीवरचा चकचकीत बिल्ला काढला, दोऱ्यानं फ्रॉकला बांधला आणि मिरवणुकीत पुढं चालले. घरी आले तेव्हा नुसता दोरा होता. तुम्ही दोऱ्याकडं पाहिलंत आणि काही विचारलं नाहीत.

स्टँड आलं. हे पान वहीतच राहील. एवढं मात्र लिहून ठेवते, की अंगणात "नाव कुठं हाय" म्हणून विचारलं तेव्हा मी तो बिल्ला विसरले नव्हते.